मागून घेतलेली अन्नपूर्णा

आमच्या बंगळूरच्या स्वयंपाकघरात, पूर्वेकडच्या भिंतीतल्या देवळीत, पितळेच्या वाटीतल्या मूठभर तांदळांवर एक सुपारी बसलेली असे. हळदीकुंकवाची पुटं चढून चढून तिचा मूळचा रंग दिसेनासा झालेला, आणि रोज सकाळी तिच्यावर वाहिलेलं पिवळंधमक चाफ्याचं फूल तिच्याहून इतकं मोठं की देव कुठे आहे ते फूल बाजूला सारून पाहावं लागे. परसातल्या बंबात निलगिरीची लाकडं पेटलेली असत, त्यांचा औषधी वासाचा धूर खिडकीतून आत येई, बाहेर डिसेंबरचं धुकं अंगणात बसून राहिलेलं असे, आणि आई ओल्या केसांनी त्या सुपारीला स्नान घालत असे... सहाआठ महिन्यांनी कधीतरी वाटीतल्या तांदळांवर बारीक तपकिरी भुकटी पडलेली दिसे. देवाला कीड लागलेली असे. मग आई ती सुपारी तुळशीच्या मातीत पुरून टाकी आणि डब्यातून दुसरी काढून तांदळांवर बसवी. मला ह्यात वावगं काहीच वाटत नसे. इतरांकडे देव होते, आमच्याकडे सुपारी होती.

खरे देव गावाला होते. कऱ्हाडच्या अलीकडे, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव, तिथे माझे थोरले काका, दादाकाका, शेती आणि घर सांभाळत. आणि घराण्याचे देव त्यांच्या देव्हाऱ्यात होते. भावाभावांच्या चुली जोवर एक आहेत तोवर देव एकच, आणि ते थोरल्याकडे— हा आमच्याकडचा रिवाज. धाकटा नोकरीनिमित्त कुठेही जावो, दिल्लीला नाहीतर कलकत्त्याला, त्याने तिथे वेगळे देव मांडायचे नाहीत. त्याचे कुळधर्म गावच्या देव्हाऱ्यासमोरच होतात, सणावाराला त्याने तिकडे जायचं, आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी सुपारी पुरे. आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांना शिकवलं ते दादाकाकांनीच. बाबांना बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात आराखडे काढायची नोकरी लागली तेव्हा निघताना दादाकाका म्हणाले होते म्हणे, "जा, पण घर इथं आहे." बाबांनी ते वाक्य अक्षरशः घेतलं. बसवनगुडीतल्या आमच्या जागेला त्यांनी कधी घर म्हटलं नाही. ते तिला बिऱ्हाड म्हणत. कारखान्यात यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यातली काही खोकी त्यांनी आणली होती. एकावर एक ठेवून त्यांचं कपाट, आडवं टाकून टेबल. खोक्यांवर परदेशी अक्षरं होती आणि बाण काढून वरची बाजू दाखवलेली होती. मी अभ्यास करायची त्या खोक्याचा बाण जमिनीकडे होता.

जागा मात्र फार सुंदर होती, हे मला पुढे, दुसरी घरं पाहिल्यावर समजलं. तांबडी, गुळगुळीत, कायम थंड जमीन— उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्यावर गाल टेकून पडत असे. मागे पेरूचं झाड, पलीकडे घरमालकिणीचं परस, आणि दुपार कलली की तिच्या चुलीवर भाजल्या जाणाऱ्या कॉफीच्या बियांचा तो करपट-गोड वास, जो भिंतीतून झिरपून आमच्या वरणभातातदेखील येई. बाबा पहाटेच कारखान्याच्या बसने जात. त्या काळी मारतहळ्ळीच्या बाजूला नाचणीची शेतं होती, तळी होती, आणि आभाळात चाचणीसाठी उडणारी विमानं. बाबा संध्याकाळी परतत तेव्हा त्यांच्या चपलांना तांबडी माती असे. इतकी वर्षं त्या गावात काढून त्यांनी कानडीचे दोनच शब्द कमावले होते, 'स्वल्प' आणि 'सरी'. थोडं आणि ठीक. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे व्यवहार ते ह्या दोन शब्दांवर रेटत, आणि आश्चर्य म्हणजे रेटले जात.

घरमालकीण म्हणजे अक्का. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिचे पूर्वज कोणा सरदाराच्या पदरी कारकून म्हणून पार शिवकाळाच्या आधी इकडे आले, अशी तिच्या घरात समजूत होती, आणि तिची मराठी तेव्हापासून इथेच राहून कानडीत चांगली मुरलेली होती. एकदा शाळेत 'माझे गाव' असा निबंध आला तेव्हा मी तिला विचारलं, "अक्का, तुमचं गाव कोणतं?"

"हेच की गे. अजून कुठलं असतंय?"

"तसं नाही, मूळ गाव."

"असंल की कुठं तरी तिकडं," तिने कॉफीच्या बिया हलवता हलवता उलथन्यानेच उत्तर दिशा दाखवली. "आमच्या अज्जाला पण ठाऊक नव्हतं. कशाला पायजे? तू स्वल्प सरक तिकडं, धूर लागतोय."

मला तिची कीव आली होती. ज्याला गावाचं नावसुद्धा सांगता येत नाही अशा माणसाचं रात्री झोप लागत असताना कसं होत असेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं. आम्हाला गाव होतं. भाद्रपद आला की ट्रंका बाहेर निघत, दशम्या, तिळाची चटणी, दहीभाताचा डबा, फिरकीच्या तांब्यात पाणी— आणि मग छोट्या रुळांवरून कुरकुरत जाणारी ती गाडी, अर्सीकेरे, हरिहर, हुबळी, बेळगाव... कोळशाचे कण डोळ्यांत जात, लाकडी बाकाच्या फटी मांड्यांवर उमटत, आणि मिरज मागे पडलं की बाबा खिडकीशी उभे राहत ते स्टेशन येईपर्यंत खाली बसत नसत. बंगळुरात मान खाली घालून चालणारा हा माणूस बैलगाडीतून उतरला की मोठ्याने बोलू लागे. अंगरखा खुंटीला लावून थेट विहिरीवर जाई, घागरी भरी, गोठ्यात डोकावे, आणि कोणी न सांगता लाकडं फोडायला बसे. काकू माजघरातून ओरडे, "आल्या आल्या कुऱ्हाड कशाला, चहा तरी घ्या भावजी!" आणि ते हसत. तसे हसताना मी त्यांना बंगळुरात पाहिल्याचं आठवत नाही.

काकू करडी होती. गौरी यायच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या लेकीसुनांना ती कामाला जुंपी. मला चिंचेचा कोळ आणि राख देऊन देव घासायला बसवी. चांदीचे टाक, चौकोनी, तळहाताएवढेही नाहीत— पिढ्यान्‌पिढ्या घासून ते इतके झिजले होते की खंडोबाला घोडा उरला नव्हता आणि भवानीला चेहरा. नुसता एक उंचवटा बोटाला लागे. आई त्या वेळी माझ्या शेजारी बसून एकच मूर्ती घासत असे. अंगठ्याएवढी पितळेची अन्नपूर्णा, मांडी घालून बसलेली, हातात पळी. आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर माहेराहून अन्नपूर्णा देतात आणि ती सासरच्या देव्हाऱ्यात बसते. ही आईची होती. पळीचं टोक थोडं वाकलेलं होतं. आई ते टोक चिंचेने इतका वेळ घाशी की काकू एकदा म्हणाली, "झिजवशील हो तिला."

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. ती स्टेशनमास्तरांची मुलगी होती. दर दोनतीन वर्षांनी तिच्या वडिलांची बदली होई; आज दौंड, उद्या लोंढा, परवा आणखी कुठलं आडस्टेशन. त्यांचे देव पत्र्याच्या डब्यात राहत. बदली झाली की डबा छातीशी धरून आजी गाडीत चढे, आणि नव्या क्वार्टरात पाऊल टाकल्यावर चूल पेटवायच्या आधी तो डबा उघडे. देव बाहेर निघाले की झालं ते घर. आईच्या लेखी घर म्हणजे एवढंच. आणि बाबांच्या लेखी घर म्हणजे जिथले देव कधीही, कोणत्याही कारणाने हलले नाहीत ते. दोघांनाही आपलं म्हणणं इतकं उघड वाटत होतं की लग्नाला बारातेरा वर्षं होऊनसुद्धा ते त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

त्या वर्षी गौरी विसर्जनानंतर, भांडी पुसता पुसता, आईने काकूला विचारलं. मी तिथेच होते, मांडीवर आंब्याच्या पानांच्या सुकलेल्या तोरणाची गुंडाळी करत.

"वहिनी, माझी अन्नपूर्णा ह्या वेळी बरोबर नेऊ का? तिकडे सुपारी पूजते हो मी. परवा तिलाही कीड लागली."

काकूचा हात थांबला. तिने आईकडे पाहिलं, मग पुन्हा परातीकडे.

"भावजींनी सांगितलं का विचारायला?"

"नाही हो, त्यांना काय त्यातलं," आई हसून म्हणाली. "आपलं बायकांचं."

"विचारते ह्यांना," काकू म्हणाली आणि परात उचलून आत गेली.

बस्स, एवढंच झालं. आमच्या निघायच्या दिवसापर्यंत तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. आईला वाटलं काकू विसरली, आणि बंगळूरला आल्यावर तिनेही नवी सुपारी बसवली. देव्हाऱ्यातला देव मागायचा म्हणजे वाटणी मागायची, हे गावातल्या कुठल्याही सुनेला परकर नेसण्याच्या वयापासून माहीत असतं. रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेल्या माझ्या आईला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी, धुकं अजून विरलं नव्हतं तेव्हा, दाराशी जटक्याचा घोडा थांबल्याचा आवाज आला. बाबा ओसरीवर खोक्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. मी दार उघडलं. बाहेर दादाकाका उभे होते— अनवाणी, अंगावर धाबळी, छातीशी दोन्ही हातांनी धरलेला तांब्याचा डबा, त्याला पंचा गुंडाळलेला. ते कधीच बंगळूरला आले नव्हते. त्यांचे ओठ सुकलेले होते, कारण देव बरोबर असल्यामुळे सबंध प्रवासात त्यांनी फळं आणि दुधाखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि मांडीवरचा डबा खाली ठेवावा लागू नये म्हणून आडवेही झाले नव्हते. मी "दादाकाका!" म्हणून ओरडले. ते म्हणाले, "शिवू नकोस पोरी. आधी पाट मांड."

आई धावत आली. डबा उघडला, वर तीच अन्नपूर्णा होती, पळीचं वाकलेलं टोक असलेली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाकाकांसमोर ती एरवी शब्द बोलत नसे, त्या दिवशी दाराआड उभी राहून म्हणाली, "तुम्ही स्वतः कशाला त्रास घेतलात? आम्ही आलो असतो तेव्हा दिली असती..."

दादाकाका डब्यावर वाकले. त्यांनी डब्यातून आणखी दोन पुड्या काढल्या. पंचाच्या टोकावर ठेवून उलगडल्या. चांदीचे दोन टाक होते, कोरे, चकचकीत. खंडोबाच्या घोड्याच्या शेपटीचे केस वेगवेगळे दिसावेत इतके नवे. भवानीला टोकदार नाक होतं. मी आमच्या देवांचे चेहरे प्रथमच पाहत होते, आणि ते मला अनोळखी वाटले.

"हे कोणाचे?" आईने विचारलं.

"तुमचे," दादाकाका म्हणाले. "सोनाराकडून करवले. जुन्या टाकांना भेटवून आणलेत. आता तुमचे कुळधर्म इथंच. गौरीही इथंच बसवायच्या."

ओसरीवरचा वस्तऱ्याचा आवाज थांबला होता. बाबा दारात येऊन उभे होते, अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल मोकळा. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टाकांकडे, आणि मला वाटतं तेव्हा तिला उमगलं. "मला नुसती अन्नपूर्णा हवी होती हो," ती म्हणाली. "नुसती माझी."

"नुसती कशी देतात, सुशीला? चूल वेगळी तर देव वेगळे. अर्धवट देऊन कसं चालेल?" त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ते लहान मुलाला समजावल्यासारखे बोलत होते. मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुला तोंडानं सांगायला जड गेलं असेल बाळ, म्हणून तिच्याकडून विचारवलंस. समजलं मला. मी काही मनात ठेवलं नाही."

बाबांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'दादा, मी काही सांगितलं नव्हतं.' मी त्याची वाट पाहत होते. माझं वय दहाबारा, पण हवेत काय अडकून राहिलं आहे ते कळण्याइतकी मोठी होते. आई त्यांच्याकडे बघत होती, दादाकाकाही बघत होते, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं की दादाकाका कदाचित त्या एका वाक्यासाठीच एवढा उपाशी प्रवास करून आले होते. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे थोरल्या भावासमोर बायकोला एकटी पाडायची, आणि ज्या भावाने बापाच्या जागी राहून सगळं केलं त्याला सांगायचं की तू उगाच दुखावला गेलास, उगाच देव घडवलेस... साबण वाळून त्यांच्या गालावर पांढरी खपली धरू लागला होता.

"दादा," बाबा म्हणाले, "बंबात पाणी तापलंय. आंघोळ करून घ्या."

दादाकाकांनी मान हलवली आणि ते आंघोळीला गेले.

पुढे सगळं यथासांग झालं. पाटावर तांदूळ मांडले, देव बसले, दादाकाकांनी स्वतः पूजा केली, आईने पुरण घातलं. बाबा अर्ध्या दाढीनेच वावरत होते, बाराएक वाजता त्यांच्या लक्षात आलं. जेवताना आई दाराआडून एकदा म्हणाली, "परत नेता नाही का येणार?" दादाकाका भातावर तूप घेत होते. "त्या पाटावरून निघालेला देव पुन्हा त्या पाटावर बसत नाही," ते म्हणाले, आणि नंतर त्यांनी बाबांना कारखान्यात किती माणसं आहेत, बस वेळेवर येते का, असे प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ते परत गेले. आईने बरोबर दिलेला डबा त्यांनी घेतला.

आमच्या घरात ह्यावरून भांडण झालं नाही. आज लोकांना हे खोटं वाटेल, पण खरंच झालं नाही. बाबा आईला एक शब्द बोलले नाहीत आणि तेच फार वाईट होतं असं मला आता वाटतं. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. घरात सगळ्यांनाच काही वाटेनासं झालं होतं. कॉफीचा वास येई, बस येई, कारखान्याचे दिवस जात. बाबा पहाटे अधिक लवकर उठू लागले आणि बसच्या आधी शेंडी ओली असतानाच पूजा उरकू लागले. अगदी नीट, एक मंत्र न गाळता. सुताराकडून शिसवी देव्हारा करून घेतला. आई देव घाशी, पण अन्नपूर्णा आणि टाक एकाच वेळेला, एकाच चिंचेने, आणि पळीच्या टोकाशी ती आता थांबत नसे. तिला हवं ते मिळालं होतं आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात ट्रंका निघाल्या नाहीत. आईने मातीची सुगडी आणून, त्यांवर मुखवटे बसवून, आमच्या तांबड्या जमिनीवर कुंकवाची पावलं काढली. अक्काच्या गौरी गणपतीच्या आदल्याच दिवशी येऊन बसल्या होत्या. कर्नाटकात तसंच असतं. आमच्या त्यानंतर येणार म्हणून तिला मोठी मौज वाटली.

"तुमची गौरी मागनं का गे येती?" तिने आईला विचारलं.

"लांबून येते ना," आई म्हणाली.

अक्का हसली आणि तिने कोपरभर अबोलीचा गजरा गौरींसमोर ठेवला. आईही हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, बराच वेळ तिथेच राहिली. बाबांनी संध्याकाळी आरती केली. बिनचूक म्हटली. मी घंटा वाजवत होते आणि मनात गावच्या घरातला मुलामुलींचा गलका आठवून पाहत होते, तर तो नीट ऐकू येईना.

ते टाक आज माझ्याकडे आहेत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे देव कुठे गेले नाहीत. मुलीने बापाचे कुलदेव पूजलेले शास्त्राला चालतात की नाही हे मी कोणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ज्या बाजूला बाबांची बस नाचणीच्या शेतांमधून जात असे तिथेच माझा फ्लॅट आहे, खाली दिवसरात्र वाहनांची रांग, आणि लिफ्टमध्ये भेटणारी पुण्याकडची तरुण मुलं मला "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारतात. मी काहीतरी सांगते. भवानीचं नाक आता बोथट व्हायला लागलं आहे. एवढी वर्षं घासल्यावर व्हायचंच.

पण मला सांगायचं आहे ते त्या भाद्रपदानंतरच्या वैशाखातलं. दादाकाकांच्या धाकट्या मुलाची मुंज निघाली आणि आम्हाला आमंत्रण आलं. अक्षता, कुंकवाची बोटं लावलेली पत्रिका, 'सहकुटुंब येऊन कार्यास शोभा आणावी'. एरवी आम्हाला नुसता निरोप येत असे की यायचंय. आई आली नाही. घरात देव असल्यावर ते बिनपूजेचे ठेवून सगळ्यांना कसं जाता येईल, असं तिने कारण सांगितलं, आणि कारण खरंही होतं. देव आले म्हणून आम्ही त्या जागेला बांधलेले झालो होतो. पण ती काकूच्या समोर जायला घाबरत होती हे मला आणि बाबांना दोघांनाही ठाऊक होतं. निघताना तिने बाबांना एवढंच म्हटलं, "बघा, जमलं तर बोला दादांशी." सगळं अजून सावरेल अशी तिला आशा होती. बाबा "सरी" म्हणाले. घरात ते कानडी शब्द कधी वापरत नसत.

मिरज गेल्यावर ते खिडकीशी उभे राहिले, नेहमीसारखे. गावी पोचलो तर काकू दारात पाणी घेऊन उभी होती, पाय धुवायला, गुळाचा खडा हातावर ठेवायला. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी आत जाऊन सवयीने निवडायला टाकलेल्या तांदळांपाशी बसले तर तिने माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "तू बस गं, दमली असशील," ती म्हणाली. करडी काकू मला परवडली असती. बाबा विहिरीवर गेले, तर घंगाळात पाणी आधीच काढून ठेवलेलं, शेजारी धुतलेला पंचा, साबणाची नवी वडी. आमच्यासाठी पुढच्या खोलीत गाद्या घातल्या होत्या, त्यांवर इस्त्रीच्या चादरी. त्या घरात आम्ही माजघरात सतरंजीवर, पोरांच्या ओळीत झोपत असू.

मुंजीच्या दिवशी पंगत बसली. घरचे पुरुष वाढतात आणि पाहुणे जेवतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. बाबांनी धोतराचा काचा मारला, उपरणं कमरेला बांधलं आणि नेहमीसारखं वरणाचं पातेलं उचललं. ते दोन पानांपर्यंत गेले असतील. दादाकाका हातातलं काम सोडून आले, त्यांनी पातेल्याच्या कडीला हात घातला आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "बाळ, राहू दे. तू बस पंगतीला. पहिल्या पंगतीत बस."

क्षणभर ते पातेलं दोघांच्या हातात होतं. मग बाबांनी सोडलं. दादाकाकांच्या व्याह्यांच्या शेजारी चांगला रुंद पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी, उदबत्ती लावलेली. ते त्यावर बसले, त्यांनी चित्राहुती घातल्या आणि जेवले. काकूने आग्रह करून जिलबी वाढली, ती त्यांनी घेतली. मी समोरच्या ओळीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या दोनतीन दिवसांत ते दादाकाकांशी पिकाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, आणि ते एक वाक्य त्यांनी तेव्हाही काढलं नाही. निघालो तेव्हा दादाकाका आम्हाला पोचवायला थेट स्टेशनपर्यंत आले. आधी ते कधीच उंबऱ्यापुढे येत नसत, "चला, या आता" म्हणून आत वळत. गाडी हलल्यावर बाबा खिडकीशी उभे राहिले नाहीत. बाकावर टेकून ते झोपले आणि हुबळी येईस्तोवर जागे झाले नाहीत.

बंगळूरला उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. जटक्याचा आवाज ऐकून आई दारात आली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पण ती बघत होती बाबांकडे. बाबांनी वाकून चपला काढल्या, त्या शेजारी शेजारी लावून ठेवल्या.

"कसं झालं?" आईने विचारलं. "बोलणं झालं काही?"

"छान झालं," बाबा म्हणाले. कार्याहून परतलेले पाहुणे सांगतात तसंच, अगदी मनापासून ते सांगत होते. "फार चांगलं ठेवलं त्यांनी आम्हाला. काही म्हणून कमी पडू दिलं नाही."

आई तशीच उभी होती, पिशवी हातात धरून. मग ती म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. पान वाढते."